रोझा वन आणि नेपाचा कागद

इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा टंक 2014 साली मुक्त परवान्याखाली आला. देवनागरी भाग टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांचा, रोमन भाग शिवा नल्लापेरुमल यांचा. वजन एकच, आणि तेही भरगच्च. फुकट मिळतो, दिसतो देखणा, म्हणून वारसाप्रेमी मंडळींच्या पोस्टरवर तो वरचेवर भेटतो. मागे पिवळट कागदाचा रंग द्यायचा, वर रोझामध्ये मथळा, खाली ‘1956’. झालं जुनं! माझा आक्षेप टंकावर थोडा आणि या वापरावर जास्त आहे.

आधी टंकाचं कूळ बघू. रोमन अक्षराच्या टोकाला जी आडवी टाच असते ती सेरिफ. 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिराती आणि लॉटरीच्या पत्रकांसाठी या सेरिफ अक्षराचे उभे दांडे फुगवले गेले आणि टाचा, जोडरेघा मात्र केसासारख्या बारीक ठेवल्या. इंग्रजीत त्यांना ‘फॅट फेस’ म्हणतात. रोझा त्याच घराण्यातला. त्यात जाड-बारीक फरक मुद्दाम टोकाला नेला आहे. देवनागरी अक्षर रोमन लहान अक्षरापेक्षा उंच आणि मोठ्या अक्षरापेक्षा बुटकं ठेवलंय. त्यामुळे दोन लिप्या शेजारी आल्या तरी देवनागरी दबून जात नाही. हे काम चांगलं आहे, ते मान्य करायलाच हवं.

आता कागद. लंडनच्या त्या पत्रकांचा कागद चिंध्यांचा होता. नेपानगरचा तसा नाही. 1947 साली खाजगी कंपनी म्हणून सुरुवात, 1955 मध्ये उत्पादन, आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लोकार्पण झालेली ही देशातली पहिली वृत्तपत्र-कागद गिरणी. कच्चा माल सालई आणि बांबू. वृत्तपत्राचा कागद स्वस्त, हलका आणि शोषणारा असतो. शाई त्यावर वाळते ती मुख्यतः कागदात मुरूनच. मुरताना ती कडेला पसरते.

हिशेब साधा आहे. मथळ्याच्या अक्षराचा उभा दांडा 3 मिलिमीटर आणि बारीक रेघ पाव मिलिमीटर आहे असं धरा. शाई प्रत्येक कडेला 0.05 मिलिमीटर पसरली, तर दांडा 3.1 होतो, म्हणजे वाढ जेमतेम 3 टक्के. बारीक रेघ 0.25 ची 0.35 होते, म्हणजे वाढ 40 टक्के. ज्या नाजूकपणावर या टंकाची सगळी ऐट, तोच आधी जातो. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं ठेवली तर उलट होतं. चारी बाजूंनी शाई आत येते आणि पाव मिलिमीटरची पांढरी रेघ 0.15 वर येते. रोटरीवर शाई थोडी जास्त झाली की ती दिसेनाशीच व्हायची.

म्हणून पिवळट वृत्तपत्र-कागदाचा आभास आणि त्यावर वस्तऱ्याच्या धारेसारखी रेघ, ही जोडी मला खोटी वाटते. असा कागद अशी रेघ राखत नाही. त्या काळी मोठे मथळे लाकडी खिळ्यांनी लागत, किंवा चित्रकाराकडून अक्षरं काढून घेऊन त्यांचा जस्ताचा ब्लॉक करत. मराठीत याचं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे कमल शेडगे. नाटकांची त्यांनी काढलेली शीर्षकं वर्तमानपत्राच्या जाहिरातींतूनच घरोघरी पोचली. शेडगे 2020 मध्ये गेले, पण ती अक्षरं आजही नाटकाच्या नावासकट आठवतात.

इथेच टंकावरचा माझा आक्षेप येतो. ‘नेपानगर’ हाच शब्द घ्या. ‘ने’चा एक दांडा, ‘पा’चे दोन, ‘न’चा एक, ‘ग’चा एक, मिळून पाच जाड दांडे आणि शेवटी एकटा वळणाचा ‘र’. फॅट टंकात हा शब्द वाचण्याआधी कुंपणासारखा दिसतो. हातानं अक्षरं काढणारा काना जरा सडपातळ करेल, दुसरा ‘न’ पहिल्यापेक्षा वेगळा काढेल, ‘र’ला थोडी ऐसपैस जागा देईल. टंकात दोन्ही ‘न’ सारखेच येणार. रोमन लिपीत जाड दांड्यांच्या मध्ये गोल अक्षरं पुरेशी येतात. देवनागरीत काना असलेली अक्षरं इतकी आहेत की हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक शब्दात उभा राहतो. शेजारच्या ‘बुऱ्हाणपूर’मध्ये आणखी एक परीक्षा आहे, ती म्हणजे ‘ऱ्ह’ची. मराठीचा तो चंद्रकोरीसारखा तुकडा एवढ्या वजनदार शेजाऱ्यांत किती जाड करायचा?

मग रोझा वापरूच नये का? तसं नाही. गुळगुळीत कागदावरचं मुखपृष्ठ, मोठा फलक, पडदा, दोन-तीन शब्द, भरपूर मोकळी जागा: तिथे तो शोभतो. तो बनवलाच आहे मोठ्या आकारासाठी. पण 14 पॉइंटात परिच्छेद, काळ्या पट्टीवर पत्ता, आणि 1956 चा पुरावा, ही तीन कामं त्याला सांगू नयेत.

तिसरं तर मुळीच नाही. आपल्यासारख्या सीमेवरच्या गावांचा छापील इतिहास आधीच थोडा, त्यात हिंदी आणि मराठी मिसळलेली. उद्या कोणी पोरगं ही पोस्टरं पाहून ‘तेव्हाची अक्षरं अशी होती’ असं धरून चालेल. त्यापेक्षा घरात जुनं पत्रक, पगाराची चिठ्ठी, लग्नपत्रिका असेल ती स्कॅन करा आणि तीच लावा. शाई फुटलेली असेल, मात्रा तुटलेली असेल, असू दे. त्या काळाचा कागद कसा होता ते त्या फुटलेल्या शाईतच दिसतं.