जिरेटोप कुणाच्या मापाचा?

‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपल्या मंडळींत त्याविषयी जे बोलले गेले ते बहुतेक एकाच सुराचे आहे. शिवाजी महाराज मुसलमानांचे वैरी नव्हते हे या नाटकाने ठणकावून सांगितले, फार चांगले झाले, असे म्हणायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे. एखाद्या परक्याने आपल्या बाजूने साक्ष द्यावी आणि आपण त्याचे आभार मानून कोर्टाबाहेर पडावे, तसा हा प्रकार आहे. साक्ष काय दिली, कुणी दिली, ती देताना तो माणूस कुठे उभा होता, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो करावा म्हणून हा लेख.

नाटकाची कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. कथासूत्र दोन वाक्यांत सांगता येते. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण जे न्यायचे ते त्याच्या हाती लागत नाही. उरतो तो जिरेटोप, आणि तो नेमका कुणाच्या डोक्याला बसतो हे शोधत बिचारा यम भीमनगर मोहल्ल्यात येऊन पोहोचतो. पुढे मोहल्ल्यातली पोरे, शिवजयंतीचे राजकारण आणि शाहिरांचे सवाल-जवाब. महाराज नेमके कुणाचे, हा वाद तिथे डफ-ढोलकीवर रंगतो.

आता माणसे पाहू. राजकुमार तांगडे हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे. हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शिवाजी महाराजांचे गुरू कोण, की कुणीच नाही, या वादात महाराष्ट्राने किती शाई खर्च केली हे आपण जाणतो. त्याच गावच्या एका शेतकऱ्याने महाराजांना पुन्हा रयतेत आणून उभे करणारे नाटक लिहावे, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. याच गावच्या मंडळींना घेऊन अतुल पेठे यांनी माहितीच्या अधिकारावरचे ‘दलपतसिंग येती गावा’ बसवले होते, म्हणजे प्रश्न घेऊन रंगमंचावर उभे राहण्याची सवय या माणसांना आधीपासूनची होती. नंदू माधव आपल्याला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मधले (२००९) दादासाहेब फाळके म्हणून माहीत असतात. संभाजी भगत हे आंबेडकरी आणि डाव्या चळवळीतले शाहीर. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ते दिसतात आणि ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. बहुतेक नट जालना परिसरातले. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत हे नाटक गाजले ते मराठवाड्याच्या बोलीत.

ही बोली ऐकताना माझ्यासारख्या उर्दूच्या शिक्षकाचे कान टवकारतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तिथे वस्तीला ‘मोहल्ला’ म्हणायला मुसलमान असावे लागत नाही. नाटकाच्या नावात भीमनगर आणि मोहल्ला शेजारी बसले आहेत ते कुणी एकात्मतेची सभा घेऊन बसवलेले नाहीत, तिथली माणसे तशीच बोलतात. आणि ज्या वस्तूभोवती सारे नाटक फिरते त्या ‘जिरेटोप’ शब्दाचा पूर्वार्ध तरी कुठला? फारसीतला ‘जिरह’, म्हणजे चिलखत. ‘शाहीर’ तर उघडच आपला ‘शाइर’. महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ही गोष्ट शाळेतही शिकवली जाते. ते त्यांच्या राजकारणाला धरूनच होते. पण त्यांच्या मस्तकावरच्या टोपाचे नाव लोकांच्या तोंडी तसेच राहिले, हेही कधीतरी शिकवायला हवे.

या नाटकाचे खरे धाडस त्याच्या आशयापेक्षा त्याने निवडलेल्या रूपात आहे, असे माझे मत आहे. शिवाजी महाराजांवरचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पोवाडा अज्ञानदासाचा, आणि त्याचा विषय अफजलखानाचा वध. म्हणजे ज्या प्रसंगाने पुढे आपल्या वस्त्यांवर दगड पडले, त्याच प्रसंगातून हा वाङ्मयप्रकार मोठा झाला. २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल पेटली ती गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या याच प्रसंगाच्या चित्रावरून. तीनच वर्षांनी हे नाटक आले. भाषण देऊन किंवा पुस्तिका वाटूनही मुद्दा सांगता आला असता. गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्या पुस्तकात तो सोप्या भाषेत सांगितलाच होता, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा त्या सोपेपणाची किंमतही कळली. भगत-तांगडे यांनी मात्र पोवाडाच हातात घेतला. ज्या डफावर आजवर अफजलखानाचा कोथळा निघत होता, त्याच डफावर त्यांनी सवाल टाकला की, बाबा, तुला हे सगळे कुणी सांगितले? महात्मा फुल्यांनी १८६९ साली पोवाडा लिहून महाराजांना कुळवाड्यांचा राजा म्हणून मांडले. त्या वाटेवरचे हे पुढचे पाऊल आहे.

मी हे नाटक बी.एड.ला असताना औरंगाबादला पाहिले. आता ज्या गावाला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तेच. नंतर ध्वनिचित्रमुद्रण दोनदा पाहिले, कारण धडगावात नाट्यगृह नाही आणि घाट उतरून शहादा किंवा नंदुरबार गाठले तरी असा प्रयोग क्वचितच लागतो. तिन्ही वेळा मला जाणवले की, यम रंगमंचावर असतो तोवर नाटक उंच उडते. मृत्यूचा देव हातात एक टोप घेऊन दारोदार हिंडतो, ही प्रतिमाच इतकी बोलकी आहे की तिला शब्दांची गरज पडत नाही. ज्याच्या-त्याच्या डोक्यावर तो टोप मोठा होतो किंवा लहान, आणि प्रेक्षक आधी हसतो, मग हळूच आपल्याच डोक्याला हात लावतो. कैलास वाघमारे आणि त्यांच्या सोबत्यांचा जोम, गाण्यातला दम, अंगातली लय, ही कुठल्या शिबिरात शिकून येणारी गोष्ट नव्हे. पुढे हेच वाघमारे हिंदीतल्या ‘तान्हाजी’त (२०२०) दिसले. इतिहासाला दोन रंगांत वाटून टाकणाऱ्या त्या चित्रपटाविषयी काय बोलावे! नटाला पोट असते, एवढेच म्हणतो.

सवाल-जवाब सुरू झाले की मात्र नाटक थोडे खाली येते. प्रश्न विचारणारा पक्ष जरा जास्तच दुबळा ठेवला आहे. उत्तरे तयार असतात, टाळ्या तयार असतात, आणि समोरचा निरुत्तर होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. बाहेरच्या चौकात असे होत नाही. चौकातला प्रतिपक्ष निरुत्तर झाला तरी घरी जात नाही.

यादीचा प्रश्न इथेच येतो आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमानांची यादी. शिवजयंतीच्या व्यासपीठावर आपला वक्ता उभा राहिला की ती सुरू होते: सरनौबत नूरबेग, आरमाराचा दौलतखान, पन्हाळ्याच्या वेढ्यात मुलासह लढलेला सिद्दी हिलाल, सिद्दी इब्राहिम, मुन्शी काझी हैदर, मदारी मेहतर. हल्ली तर मोबाईलवर सैन्यातल्या मुसलमानांची टक्केवारीही फिरते. ती कुठल्या दप्तरातून काढली, कोण जाणे! मदारी मेहतराची आग्ऱ्याची कथा हृदयाला हात घालते, पण समकालीन कागदांपेक्षा ती मागाहूनच्या परंपरेत जास्त भेटते. शिक्षक म्हणून मला वाटते की, ज्या पुराव्यावर आपण आपल्या मुलांची मान ताठ ठेवू पाहतो तो तरी पक्का असावा.

आणि पक्का असला तरी यादीने नेमके काय सिद्ध होते? अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि औरंगजेबाचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता, हे समोरचाही सांगू शकतो आणि आपणही सांगतोच. त्यातून एवढेच कळते की, तेव्हाची माणसे चाकरी, वतन, निष्ठा आणि भीती यांच्या हिशेबाने वागत होती. नाटकाचा जोरदार मुद्दा यादीच्या पलीकडचा आहे: हा राजा रयतेचा होता. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले महाराजांचे पत्र पाहा. रयतेला दाण्या-गवतासाठी तोशीस देऊ नका, लागेल ते विकत आणा, असे बजावून ते थांबत नाहीत. रात्री दिवे जळते ठेवले तर उंदीर वाती पळवतील आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यांची नजर जाते. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या नटाला असा राजा समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच जालन्याची ही पोरे महाराजांविषयी गाताना खरी वाटतात.

माझ्यासमोरचा प्रश्न मात्र वेगळा आहे. राज्यात चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज आहेत आणि बालभारतीने ते पुस्तक उर्दूतही काढले आहे. म्हणजे आमची मुले महाराजांना उर्दूतून शिकतात. प्रतापगडचा पाठ आला की वर्ग नेहमीपेक्षा शांत होतो. एक-दोन मुले माझ्या चेहऱ्याकडे बघतात. मी कुणाच्या बाजूने वाचतो हे त्यांना पाहायचे असते. नऊ वर्षांच्या मुलाला हे कुठून कळते? घरातून, बाजारातून, मोबाईलवरून. पुण्यात हडपसरला जून २०१४ मध्ये संगणक क्षेत्रातल्या एका मुसलमान तरुणाला मारले गेले ते महापुरुषांच्या विटंबनेवरून उसळलेल्या रागात. त्या विटंबनेशी त्याचा काही संबंध नव्हता. कोल्हापूर २०२३ आणि नागपूर २०२५ तर कालपरवाचे. अशा मुलाच्या हाती मी नावांची यादी ठेवली तर तो ती पाठ करील आणि गरज पडली की ओळखपत्रासारखी दाखवील. त्याने महाराजांविषयी प्रश्न विचारावा, हसावे, गावे, एखादी भूमिका करावी, हे यादीने होत नाही. नाटकाने होऊ शकते.

मग हे नाटक करणाऱ्यांत आपण कुठे आहोत? कल्पना, लेखन, दिग्दर्शन या तिन्ही जागी आपले नाव नाही आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. हे काम दलितांनी आणि शेतकऱ्यांनी केले. आपण प्रेक्षकांत होतो, तेही थोडे. एके काळी असे नव्हते. बार्शीचे शाहीर अमर शेख अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात उभे राहिले तेव्हा गिरणगाव त्यांच्या आवाजावर पेटत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांत तो आवाज घुमला. तो मुसलमानाचा आहे म्हणून कुणी ऐकला नाही आणि म्हणून कुणी टाळलाही नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्याकडे कविता आली, कथा आली, आत्मकथने आली, वैचारिक लेखन तर भरपूर आले. नाटक मात्र त्या मानाने फार थोडे.

शफाअत खान आहेत, आणि ते एकटेच पुष्कळांना पुरे पडतील एवढ्या ताकदीचे आहेत. त्यांचे ‘शोभायात्रा’ या संदर्भात मुद्दाम वाचावे. राष्ट्रपुरुषांचे पोशाख चढवून मिरवणुकीसाठी जमलेली सामान्य माणसे, आणि त्या पोशाखाआड त्यांचे उघडे पडत जाणारे चेहरे. तिथे पोशाख सहज चढतो, कारण आत माणूसच उरलेला नाही. भीमनगर मोहल्ल्यातला टोप काही केल्या बसत नाही, कारण तो अजून कुणाचे तरी माप मागतो आहे. खान यांचा उपरोध थंड आणि टोचरा आहे. तांगडे-भगत यांची आशा गरम आणि थोडी भाबडी. मला दोन्ही हवी वाटतात, पण एकच निवडायला सांगितले तर मी ‘शोभायात्रा’ निवडीन. ‘शोभायात्रा’ किती उर्दू शाळांच्या ग्रंथालयांत आहे, हा प्रश्न मी आपल्या शिक्षक बांधवांना विचारतो. आमच्या स्नेहसंमेलनात नात, कव्वाली, हुंड्यावरची किंवा तालीमवरची एखादी नाटिका एवढेच होते. मराठीतून काही करायचे म्हटले की स्वागतगीतावर भागते.

लिहिणाऱ्यांसाठी विषय मात्र समोर पडला आहे, आणि तो त्या यादीतच आहे. काझी हैदर. महाराजांचा मुन्शी आणि वकील, त्यांच्या वतीने बोलणी करायला जाणारा. महाराजांच्या पश्चात तो औरंगजेबाकडे गेला आणि तिथे चढत चढत दिल्लीच्या दरबारात मुख्य काझी झाला. यादी वाचणारे त्याचे नाव घेतात आणि ही दुसरी अर्धी गोष्ट गाळतात, कारण ती ना आपल्या सोयीची, ना त्यांच्या. दोन्ही दरबारांत एकच माणूस, एकच लेखणी, आणि शेवटी न्यायासनावर बसल्यावर त्याला रायगडाची आठवण येत असेल का, आली तर कुठल्या भाषेत? असे नाटक माझ्या तरी वाचनात नाही.