‘संशोधनाचा हक्क’ मच्छीमार नगरात लावून बघा

प्रपोजलमध्ये ‘सहभागी संशोधन’ असा शब्द घातलाय? मग अर्जुन अप्पादुराई यांचा ‘द राइट टू रिसर्च’ हा 2006 चा निबंध आधी वाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संशोधन ही विद्यापीठवाल्यांची मक्तेदारी नाही, जे माहीत नाही ते पद्धतशीर शोधून काढणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. यामागे मुंबईतल्या ‘पुकार’ संस्थेचा अनुभव आहे. तिच्या युवा फेलोशिपमध्ये वस्त्यांतली मुलंमुली गट करून स्वतःचा प्रश्न निवडतात आणि त्याचं उत्तरही स्वतःच शोधतात.

मला हा निबंध पटतो, पण अर्धाच. कफ परेडच्या मच्छीमार नगरात तो लावून बघा.

बाहेरच्यांना ही वस्ती एका रात्रीमुळे माहीत आहे. 26 नोव्हेंबर 2008 ला हल्लेखोर रबरी होडीतून इथेच उतरले. बाहेरून येणारा बहुतेक वेळा तेच विचारणार. वस्तीतली मुलगी आजीला वेगळं विचारेल: होड्या कुठे लागायच्या, जाळी कुठे सुकायची, मासळी विकायला कोण कुठे जायचं. प्रश्न कोणाचा यावर इतिहास ठरतो. इथवर अप्पादुराई बरोबर.

अडतं ते पुढे. निबंधाचा सगळा भर शोधणाऱ्याच्या क्षमतेवर आहे. शोधलेलं कोण मानतं, यावर तो फारसा थांबत नाही. कोळी हे मुंबईचे मूळ रहिवासी, असं सगळेच म्हणतात. पण कफ परेड तर समुद्रात भराव टाकून झालेलं! मग इथे ‘मूळ जमीन’ कुठली दाखवायची? सातबारा समुद्राचा निघत नाही. कोळ्यांचा दावा किनाऱ्याच्या वापरावर आहे, आणि वापर कागदावर क्वचितच उतरतो. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी खास तरतूद होती. पण कोणत्या? 1981 च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या संबंधित नोंदींत असलेल्या. आजीची आठवण यातल्या कशातच बसत नाही.

म्हणून वहीत फक्त गोष्ट नको. तारीख, जागा, सांगणाऱ्याचं वय, जुना फोटो किंवा पावती असेल तर तीही. तीच गोष्ट आणखी दोन घरांतून येते का? (आम्ही लॅबमध्ये रीडिंग तीनदा घेतो, तसंच. साधी गोष्ट आहे, पण कितीतरी प्रपोजलमध्ये नसते.)

आणि एक धोका. नकाशा काढला की रेषा पडते. जाळी सुकवायची जागा त्या रेषेबाहेर राहिली, तर उद्या तुमचाच नकाशा वस्तीविरुद्ध पुढे केला जाईल. तो कोणाला दाखवायचा, कोणाचं नाव गाळायचं, हे पहिल्या मुलाखतीआधी वस्तीसोबत बसून ठरवा.

प्रपोजलमध्ये ‘डेटा’ नावाचा परिच्छेद असेलच. मूळ रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार, हे त्यात लिहिलंय का?