आभार कुणी कुणाचे मानायचे?

गेल्या वर्षी एका कंपनीत मी ‘कृतज्ञता’ या विषयावर दोन तासांचं वर्कशॉप घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण झालं त्यात त्यांची चूक थोडी आणि माझी जास्त होती.

माझं पीएच.डी.चं काम संघटनात्मक मानसशास्त्रातलं. म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांशी कशी वागतात आणि का, याबद्दलचं. त्यामुळे अधूनमधून एचआरवाल्यांचे फोन येतात. ‘टीममध्ये जरा पॉझिटिव्ह वातावरण आणायचंय, काहीतरी हलकंफुलकं घ्या.’ मी पीपीटी केली, भिंतीवर मोठा कागद चिकटवला, सगळ्यांना पिवळ्या स्टिकी नोट्स वाटल्या आणि सांगितलं, ‘ऑफिसात ज्यांच्याबद्दल आभारी वाटतं अशा तीन गोष्टी लिहा.’ हाउसकीपिंगच्या कंत्राटी बायकांनाही बोलावलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

शेवटी चिठ्ठ्या वाचताना एक हाती लागली. ‘या महिन्यात पगार वेळेवर झाला. आभारी आहे.’

मी ती मोठ्याने वाचली. टाळ्या पडल्या. भिंतीसमोर फोटो निघाले. परतताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. पगार वेळेवर मिळणं हा त्या बाईंचा हक्क. एरवी तो वेळेवर होत नाही, ही त्यांची तक्रार होती. आणि मी त्या तक्रारीवर कृतज्ञतेचं लेबल लावून टाळ्या वाजवून घेतल्या.

तेव्हापासून या विषयावरचं संशोधन मी पुन्हा, जरा तिरक्या नजरेने वाचतेय. त्यातलं काय पक्कं आहे, काय ताणलेलं आहे आणि आपण वर्कशॉपवाले त्यातलं काय गाळतो, ते आज तुमच्यासमोर मांडते.

डायरीपासून सुरुवात

या क्षेत्रात सगळ्यात जास्त उद्धृत होणारा निबंध रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा, २००३ सालचा. त्यातला पहिला प्रयोग असा: विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, एका गटाने आभारी वाटाव्यात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. शेवटी आभारवाल्या गटाला आपलं आयुष्य एकंदर बरं चाललंय असं जास्त वाटत होतं. कटकटवाल्यांपेक्षा आपण व्यायामही जास्त केला, असं त्यांनी सांगितलं.

‘रोज तीन गोष्टी लिहा आणि आयुष्य बदला’ हे तुम्ही जिथे कुठे वाचलं असेल, त्याच्यामागे अशाच प्रकारचं संशोधन असतं.

आता जरा थांबून बघा. या निबंधातले बरेचसे ठळक फरक आभारवाले आणि कटकटवाले यांच्यातले आहेत. तुम्हाला कुणी दहा आठवडे बसवून फक्त कटकटी लिहायला लावल्या, तर तुम्ही खट्टू होणारच ना? मग दोन गटांतल्या फरकात आभारांचा वाटा किती आणि कटकटींचा किती? तुलना कुणाशी केली, हा प्रश्न संशोधनात फार महत्त्वाचा असतो, आणि पीपीटीत नेमका तोच गळतो. माझ्याही गळला होता.

डॉन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. नुसत्या प्रश्नावल्या भरणाऱ्यांच्या तुलनेत कृतज्ञतेचा सराव करणारे पुढे दिसले. पण तुलनेतल्या गटालाही मनाला बरं वाटेल असं दुसरं काही करायला दिलं असेल, तर हा फायदा जवळजवळ उरला नाही. २०२१ मध्ये डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी नैराश्य आणि चिंता यांच्यावर काय परिणाम होतो ते २७ अभ्यासांमधून तपासलं. परिणाम होता, पण लहान.

म्हणजे सगळं फोल आहे का? तसं मी म्हणणार नाही. हाँगकाँगच्या सरकारी रुग्णालयांमधल्या १०२ कर्मचाऱ्यांवरचा २०१५ सालचा एक प्रयोग मला चांगला वाटतो. काहींनी आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, कामाशी संबंधित आभाराच्या नोंदी लिहिल्या. त्यांचा ताण आणि उदासी इतरांपेक्षा कमी झाली, आणि तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. रात्री झोपण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहून तुम्हाला बरं वाटत असेल, तर खुशाल लिहा. माझं भांडण वहीशी नाहीच. ते भिंतीशी आहे.

टीमचं काय?

वही खासगी असते. टीमचा मुद्दा आला की सगळे ज्याचा आधार घेतात तो निबंध म्हणजे अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रँचेस्का जीनो यांचा, २०१० सालचा. एका विद्यार्थ्याचं नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र तपासून द्यायला लोकांना सांगितलं. काहींना त्याचं ‘मिळालं’ एवढंच उत्तर आलं, काहींना मनापासून आभार मानणारं. मग त्याने दुसऱ्या पत्रासाठी मदत मागितली. कोरडं उत्तर मिळालेल्यांपैकी ३२ टक्के तयार झाले, आभार मिळालेल्यांपैकी ६६ टक्के. याच निबंधात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे ४१ कर्मचारी होते. त्यांच्यातल्या निम्म्यांना एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष येऊन धन्यवाद दिले. पुढच्या आठवड्यात त्यांचे फोन ५० टक्क्यांहून जास्त वाढले.

इथे एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. जीनो यांच्या इतर काही निबंधांमधल्या आकडेवारीवर २०२१ पासून गंभीर आक्षेप घेतले गेले आणि त्यांचे काही निबंध मागे घेतले गेले. त्यांनी आरोप नाकारले आहेत. मी ज्याबद्दल बोलतेय तो निबंध मागे घेतलेल्यांपैकी नाही. तरी ४१ जणांचा एक आठवडा म्हणजे ४१ जणांचा एक आठवडाच. त्यावर अख्ख्या कंपनीचं धोरण उभं करू नये.

पण या निबंधातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य आकड्यांचं नाहीच. आभार मिळाल्यावर माणूस जास्त मदत का करतो, हे त्यांनी तपासलं. ‘मला हे काम जमतं’ असा विश्वास वाढतो म्हणून? तेवढ्याने उलगडा होत नव्हता. उलगडा झाला तो ‘माझी कुणाला तरी किंमत आहे’ या जाणिवेने.

पुन्हा वाचा. फायदा झाला तो आभार मिळालेल्या माणसाला. आणि फोनवाल्यांच्या प्रयोगात आभार मानणारी व्यक्ती वरची होती.

आता माझं वर्कशॉप आठवा. मी काय केलं? खालच्या माणसाच्या हातात चिठ्ठी दिली आणि म्हटलं, ‘लिही, तू कशाबद्दल आभारी आहेस.’ प्रयोगात आभार वरून खाली आले होते. मी ते खालून वर पाठवले आणि स्लाइडवर मात्र त्याच प्रयोगाचा आकडा छापला. हे असं उलटं करणारी मी एकटी नाही, एवढं मी नम्रपणे सांगू शकते.

खालून वर जाणारे आभार

दिशा उलटली तर बिघडलं कुठे? इना क्सेनोफोंतोव आणि युलिया बेकर यांनी हाच प्रश्न विचारला. ८२५ लोक, पाच अभ्यास. परिस्थिती अशी: ज्याच्या हातात सत्ता जास्त आहे असा कुणी आधी तुमच्याशी चुकीचं वागतो आणि मग मदतही करतो. तुम्ही त्याचे आभार मानलेत, तर पुढे काय होतं? कमी सत्ता असलेल्यांनी आभार मानले की अन्यायाविरुद्ध बोलायची त्यांची तयारी कमी झाली, आणि प्रत्यक्ष निषेधही कमी झाला. मदत करणाऱ्याला मनातल्या मनात माफ केलं जातं आणि ‘चाललंय ते ठीकच आहे’ असं वाटू लागतं.

पगार आधी रखडवला, मग एक महिना वेळेवर दिला. आभारी आहे. माझ्या भिंतीवर नेमका हाच अभ्यास चिकटवलेला होता, पिवळ्या कागदावर.

प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण तुम्हीआम्ही पाहिलंय. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढे वर्षभर आशाताई घरोघरी जाऊन आजारी माणसं शोधत राहिल्या. कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’, कामागणिक मोबदला मिळणाऱ्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. मागणी काय होती? वाढीव मोबदला आणि कोविडच्या कामाचा वेगळा भत्ता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. सन्मान रास्तच होता. पण थाळीने आणि सन्मानाने घरभाडं भागत नाही, हे सांगायला त्यांना रस्त्यावर बसावं लागलं. आणि ज्यांनी थाळ्या वाजवल्या त्यांच्यापैकी कितीजण संपाच्या दिवशी त्यांच्या बाजूने बोलले? माझं उत्तर मला माहीत आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते.

आपल्याकडची रीत

कुणी म्हणेल, आपल्याकडे मुळात आभार मानायची पद्धतच कमी, म्हणून शिकवावं लागतं. आईने ताट वाढलं तर कोण ‘धन्यवाद’ म्हणतं? तर ऐका. २०१८ मध्ये सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी जगातल्या आठ भाषांमधलं रोजचं घरगुती बोलणं रेकॉर्ड करून तपासलं. कुणी काही मागितलं आणि समोरच्याने ते केलं, अशा हजारावर प्रसंगांपैकी शब्दांत आभार मानले गेले ते साधारण साडेपाच टक्के वेळा. ‘थँक्यू’साठी प्रसिद्ध असलेल्या इंग्रजीतसुद्धा जेमतेम सातात एकदा. याचा अर्थ माणसं कृतघ्न आहेत असा नाही. आपल्या माणसाने मदत करणं इतकं गृहीत असतं की बोलावं लागत नाही. फेड पुढच्या वेळी कृतीने होते.

उलट शब्दांचे आभार आपल्याकडे कमी आहेत असंही नाही. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन असतंच. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार, मग ‘ज्ञात-अज्ञात सर्व’. तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. सतरंज्या घालणारे, माइक लावणारे, चहा करणारे त्या ‘अज्ञात’मध्ये जातात. मोठ्यांची नावं, छोट्यांचा ढीग. माझी भिंत याचंच नवं रूप होती.

याच्या शेजारी बैलपोळा ठेवून बघा. त्या दिवशी बैलाला नांगराला जुंपत नाहीत. त्याला धुतात, खांदे मळतात, सजवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. भाषण कुणी करत नाही. ज्या खांद्यावर जू असतं तोच खांदा चोळतात आणि विश्रांती देतात. वर्षातून एकच दिवस, हे खरं, आणि बैल दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपला जातो, हेही खरं. तरी आभार नेमके कशाचे आणि ते कुणी कुणाला द्यायचे, याबाबत तिथे गोंधळ नाही.

मग करायचं काय?

तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर डायरी त्यांना वाटू नका, पेन स्वतः उचला. ‘सगळ्यांचे आभार’ असं न म्हणता नाव घ्या आणि काम सांगा: ‘तुम्ही रविवारी येऊन सर्व्हर सुरू केलात म्हणून सोमवारची बिलं निघाली.’ अवघडल्यासारखं होईल अशी भीती वाटत असेल, तर अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा २०१८ चा अभ्यास लक्षात ठेवा. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा ते वाचणाऱ्यांना आनंद बराच जास्त झाला आणि अवघडलेपण कमी.

आणि आभार मानण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या माणसाचं माझ्याकडे काही देणं बाकी आहे का? पगार, सुट्टी, बढती, कामाचं श्रेय? बाकी असेल तर ते आधी द्या.

त्या वर्कशॉपनंतर मी एचआरच्या मॅडमना फोन करून चिठ्ठीचा अर्थ सांगितला. ‘तो कॉन्ट्रॅक्टरचा विषय आहे,’ असं उत्तर आलं. पुढचं वर्कशॉप मी दुसरीकडे घेतलं, फक्त मॅनेजरांसाठी. कागदावर दोन रकाने: ‘कुणाच्या कशामुळे माझं काम झालं’ आणि ‘त्यांचं माझ्याकडे काय बाकी आहे’. पहिला रकाना दहा मिनिटांत भरला. दुसऱ्यापाशी बराच वेळ शांतता होती. मग एकाने लिहायला सुरुवात केली.

पहिल्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. माझ्या संशोधनाला त्या बाईंनी दिशा दिली, आणि माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्या ‘अज्ञात’ म्हणूनच येणार. ते देणं मी कसं फेडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही मात्र आज तो दुसरा रकाना भरून बघा. एका माणसापुरता पुरे.