वाईट आलं कुठून?

देव चांगला आणि सर्वशक्तिमान, मग जगात वाईट का? हा सवाल रोमी साम्राज्यात सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सेक्स्टस एम्पिरिकस या संशयवादी वैद्याने मांडला. देव सगळ्यांचं बघतो म्हणाल, तर वाईट असायला नको होतं. बघत नसेल, तर त्याला इच्छा नाही किंवा ताकद नाही. म्हणजे तो दुष्ट, नाहीतर दुबळा.

सवाल जबर! पण हाच माणूस त्याच ग्रंथात सांगतो, की रोजच्या व्यवहारात आम्ही देव मानतो, पूजतो. निवाडा कशाचाच करायचा नाही, मन शांत ठेवायचं. असली शांती पोट भरलेल्यालाच परवडते.

चौथ्या शतकात ख्रिस्ती लॅक्टँशियसने हाच सवाल एपिक्युरसच्या नावावर मांडून उत्तर दिलं: वाईट नसेल तर चांगलं ओळखणार कसं? वाईटामुळेच शहाणपण येतं. वा रे वा! शहाणपण एकाचं, अन् पाठ सोलायची दुसऱ्याची?

ऑगस्टिन जास्त खोल. नऊ वर्षं मानीच्या पंथात, मग काही काळ संशयवाद्यांच्या वळचणीला. शेवटी तो म्हणाला, वाईट ही वस्तूच नाही, चांगल्याचा अभाव आहे. साच्यावर सूत तुटलं, की तिथं फक्त सूत नसतं, तसं. पटतं. पण 413 ते 426 मध्ये लिहिलेल्या ‘देवाचं नगर’मध्ये तो गुलामीकडे वळतो, तिथं माझं त्याच्याशी भांडण आहे. देवाने माणसाला माणसावर राज्य करायला घडवलं नाही, हे तो स्वच्छ सांगतो. अन् लगेच, गुलामी ही पापाची शिक्षा. गुलामाने मालकाची मनापासून चाकरी करावी. आता अभाव कुठं गेला? चाबूक काय अभाव असतो? पूर्वकर्माचं गणित ऐकून आपले कान किटलेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ईश्वराबरोबर त्याचाही समाचार घेतला, तो उगाच नाही.

पण सगळे ख्रिस्ती एका मापाचे नव्हते. ऑगस्टिनच्या आधीच निसाच्या ग्रेगरीने प्रवचनात गुलाम विकत घेणाऱ्यांनाच जाब विचारला: देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही किती नाण्यांत लावली? वाईट आलं कुठून, यावर तो तिथं घोळ घालत बसला नाही. बाजारात उभा असलेला खरेदीदारच त्याने दाखवला.