शंभरपैकी किती? : ‘मोंदोविनो’ पाहताना

जेवण कुठून मागवायचं, पुस्तक कुठलं घ्यायचं, सिनेमा बघायचा की नाही, हे आपण ताऱ्यांवर ठरवतो. चारच्या खाली असेल तर बोट आपोआप पुढे सरकतं. या सवयीवरचा मी पाहिलेला सर्वांत खुमासदार सिनेमा वाइनबद्दल आहे. जोनाथन नॉसिटरची ‘मोंदोविनो’ ही डॉक्युमेंटरी २००४ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होती.

तिच्या एका टोकाला रॉबर्ट पार्कर. वाइनला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत या अमेरिकी समीक्षकाने रूढ केली. गुण नव्वदीत गेले की बाटल्या खपतात. मग त्याला आवडेल अशी गडद, पिकल्या फळाच्या चवीची, मऊ वाइन बनवण्याकडे उत्पादकांचा कल वाढतो. ती कशी साधायची हे सांगत मिशेल रोलां हा सल्लागार गाडीतून वायनऱ्या पालथ्या घालतो. वाइनमध्ये ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडा, असं तो हसत हसत सुचवतो. त्याने तुरटपणा लवकर मवाळ होतो.

दुसऱ्या टोकाला छोटे उत्पादक. बर्गंडीतल्या व्होल्ने गावचे उबेर द मोंतिय यांची वाइन तरुणपणी कडक आणि तुरट असे, खुलायला वर्षं घेई. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते म्हणून आपण जांभळाचे गुण कापत नाही, तो त्याचा स्वभावच आहे. मोंतिय आपल्या वाइनचा स्वभाव तसाच जपत.

माझी तक्रार नॉसिटरच्या कॅमेऱ्याबद्दल आहे. तो रोलांच्या हसण्यावर, पार्करच्या कुत्र्यावर टपून बसतो आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांसमोर एकदम नम्र होतो. गुण देण्याविरुद्ध बोलणारा सिनेमा माणसांना मात्र गुण वाटत सुटतो.

आनियान गावचे एमे गिबेर त्याचे नायक. अमेरिकी मोंडावी कंपनी तिथे मळा लावायला आली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत ते पुढे होते. पण गिबेर यांच्या प्रसिद्ध लाल वाइनमध्ये मुख्य द्राक्ष काबर्ने सोव्हिन्याँ, म्हणजे बोर्दोचं. सुरुवातीचा सल्लाही बोर्दोच्याच एमिल पेनो या प्राध्यापकांचा. म्हणजे गावचा तो चांगला आणि बाहेरचा तो वाईट, ही वाटणी नायकालाच लागू पडत नाही.

आपल्याकडे तर ती मुळीच टिकत नाही. रोलांनी बंगळुरूजवळच्या ग्रोव्हर वायनरीलाही सल्ला दिला आहे. नाशिकच्या बागांतली शिराझ आणि शनँ ब्लां ही द्राक्षंही बाहेरूनच आली. आजोबांकडून वाइन करायला शिकलेलं जिथे कुणी नाही, तिथे सल्लागाराला खलनायक ठरवून कसं चालेल? त्याच्याकडून शिकून झाल्यावर आपली वाइन त्याच्यासारखी करायची की आपल्या मातीसारखी, एवढंच विचारायला हवं. छोट्या उत्पादकाला इथे एक सोय असते. बाटल्याच थोड्या, त्यामुळे सगळ्यांना आवडण्याची सक्ती नाही.

तरीही ‘मोंदोविनो’ बघाच. वाइन किती चांगली हे आकडा कदाचित सांगेल, पण शेजारच्या मळ्यातल्या वाइनपेक्षा ती वेगळी कशी, हे सांगत नाही, एवढं हा सिनेमा नीट दाखवतो. नाशिकवर कुणी असा सिनेमा केला तर मला त्यात एकाच द्राक्षाच्या, पण दोन लहान वायनऱ्यांच्या बाटल्या शेजारी ठेवलेल्या बघायच्या आहेत. आणि त्यांच्याबद्दल भांडणारी माणसं.