ताटाची डावी बाजू

शहरातल्या शाकाहारी खाण्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा संख्या सांगतो. अमुक रस्त्यावर किती नवी हॉटेलं निघाली, कुठे तासभर रांग लागते, कुणाचं मेन्यूकार्ड किती पानी आहे. मुंबई-पुण्यात हे सगळं वाढलं आहे, यात शंका नाही. पण स्वयंपाक ही कला मानली, तर तिची प्रकृती तपासायला मला पंगतीतलीच एक कसोटी जास्त भरवशाची वाटते: वाढलेल्या पानाची डावी बाजू बघावी.

मराठी पान वाढायची रीत ठरलेली आहे. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सणावाराला पंचामृत, खाली भजी, पापड, कुरडई. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. मधे भात. पोट भरायचं काम उजवी बाजू आणि भात करतात. डावीकडचा प्रत्येक पदार्थ चमच्याएवढाच असतो, पण जेवणातले चढउतार तिथूनच येतात. मटणाला किंवा मासळीला स्वतःची चरबी असते, वास असतो, अंगचा रस असतो, आणि आचाऱ्याचं अर्धं काम तिथेच होतं. दुधी, वाल किंवा फणस शिजवणाऱ्याला ते सगळं बाहेरून जुळवून आणावं लागतं. मऊ पदार्थाशेजारी काहीतरी कुरकुरीत लागतं, तेलकट घासानंतर आंबट लागतं, गोडसर आमटीला ठेच्याचा एक चटका लागतो. शाकाहारी स्वयंपाकातली कल्पकता मुख्यतः या जुळणीत असते, असं माझं ठाम मत आहे. जिथे डावी बाजू जिवंत आहे, तिथे ही कला जिवंत आहे.

या नजरेने शहर बघितलं, तर सगळ्यात उत्तम काम रस्त्यावर झालेलं दिसतं. भेळ म्हणजे डाव्या बाजूचीच मुख्य जेवणाच्या जागी केलेली स्थापना. चुरमुरे हे निमित्त. खरी भेळ चिंचेच्या पाण्यात, हिरव्या चटणीत, कैरीच्या फोडींत आणि शेवेत असते, आणि ती कालवल्यावर दोन मिनिटांत खायची असते. मिसळीचंही तेच. मटकीची उसळ एकटी खाल्ली तर साधी घरगुती उसळ आहे. तिच्यावर कट, फरसाण, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू आलं, की प्रत्येक घासाला वेगळं प्रमाण लागतं. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये ‘फूडीहब’ने जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं, तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं. मला त्या निवडीत नवल वाटण्याजोगं काही दिसत नाही. इतक्या कमी पैशांत, एका बशीत, इतकी विचारपूर्वक रचना फार थोड्या पाकपरंपरांत सापडेल.

निर्बंधातून काय निघतं, हेही रस्त्यावरच बघावं. जैन गिऱ्हाइकाला बटाटा, कांदा, लसूण चालत नाही. मुंबईच्या पावभाजीवाल्यांनी आणि शेवपुरीवाल्यांनी त्यावर कच्चं केळं शोधलं. उकडलेलं कच्चं केळं तव्यावर बटाट्याइतकंच मिळून येतं, पण त्याला बारीकसा तुरटपणा असतो आणि टोमॅटोचा आंबटपणा त्यावर अधिक खुलतो. उपवासाच्या पदार्थांचा इतिहासही असाच आहे. साबुदाणा, वरी, शिंगाडा, राजगिरा, रताळं, दाणे एवढ्या मोजक्या सामग्रीतून आपल्या बायकांनी वडा, थालीपीठ, कीस, आमटी उभी केली. दादरच्या ‘प्रकाश’मधला साबुदाणा वडा एकादशीव्यतिरिक्तही लोक मुद्दाम जाऊन खातात, कारण तो पदार्थ म्हणूनच पूर्ण आहे.

माटुंग्याला थोडं थांबावंसं वाटतं. स्टेशनजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. किंग्ज सर्कलचं ‘कॅफे मद्रास’ त्याहून दोन वर्षांनी जुनं, १९४० चं. या घराण्याच्या स्वयंपाकघरांनी मुंबईला केवळ इडली-डोसा दिला, असं म्हणणं अपुरं आहे. त्यांनी हॉटेलात चटणी ताजी वाटली पाहिजे हा दंडक दिला. ओल्या नारळाची, दुपारपर्यंत संपवायचीच अशी चटणी. डोशाचा कुरकुरीतपणा तिच्या ओलाव्याशेजारीच कळतो. ‘इडली हाउस’मध्ये फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली मिळते. कोकणी माणसाला हळदीच्या पानातल्या पातोळ्या ठाऊक असतात. पानाचा वास पिठात उतरवायची ही किमया त्याला लगेच ओळखू येते. तेल नाही, मसाला नाही, तरी पदार्थाला व्यक्तिमत्त्व आहे. ओणमच्या सुमारास याच भागात केळीच्या पानावर सद्या वाढतात. त्या पानाची वरची कड बघावी: आल्याची इंजी करी, पचडी, खिचडी नावाची दह्यातली कोशिंबीर, लोणची, केळ्याचे काप. केरळने आपली डावी बाजू पानाच्या वरच्या कडेला मांडली आहे, एवढाच फरक.

उलट शहरभर पसरलेल्या बाकीच्या उडुप्यांकडे चटणी पातळ होत गेली. नारळ महाग, म्हणून डाळं वाढलं, मग पाणी वाढलं. सांबार गोड झालं. त्याच काळात डोशात नूडल्स, शेजवान सॉस आणि चीज शिरलं. या प्रकारांबद्दल मला सरसकट राग नाही. तव्यावर डोसा पसरून त्यातच भाज्या परतणाऱ्या कारागिराचा हात बघण्यासारखा असतो. पण चीज घातलं की बाकी सगळ्या चवी एका पातळीवर येतात, आणि ज्याला कल्पकता म्हणून पाटीवर लिहिलं जातं ते खाताना एकसुरी निघतं.

खरी पडझड मात्र झाली आहे ती ज्याला आपण ‘पंजाबी’ म्हणतो त्या जेवणात. पंजाबातल्या घरच्या जेवणाशी, तिथल्या सरसोंच्या सागाशी किंवा कढीशी, याचा संबंध फार थोडा. हॉटेलच्या मुदपाकखान्यात सकाळीच मोठी पातेली चढतात. टोमॅटो आणि काश्मिरी मिरचीची लाल ग्रेव्ही. काजू, मगज आणि कांद्याची पांढरी. परतलेल्या कांद्या-टोमॅटोची तिसरी. ऑर्डर आली की यांतली एक किंवा दोन पळीभर घ्यायच्या, पनीर किंवा मिक्स भाजी टाकायची, वर क्रीम, कसुरी मेथी. कार्डावरची पानभर नावं या तीन पातेल्यांतून निघतात. व्यवसायाच्या बाजूने बघितलं तर ही पद्धत अत्यंत हुशारीची आहे: ग्रेव्ही दिवसभर टिकते, दहा मिनिटांत पदार्थ टेबलावर जातो, आणि आचारी बदलला तरी चव बदलत नाही. कोशिंबिरीचं तसं नाही. मीठ घातल्यावर काकडीला पाणी सुटतं, म्हणून ती वाढायच्या वेळीच कालवावी लागते. फोडणी वेळेवर द्यावी लागते. डावी बाजू मनुष्यबळ मागते, आणि हॉटेलात तेच सगळ्यात महाग असतं. म्हणून तिच्या जागी कांद्याच्या चकत्या, लिंबाची फोड आणि डब्यातलं लोणचं आलं.

दोष एकट्या हॉटेलवाल्यांचा नाही. घरी जे होत नाही तेच बाहेर खायचं, अशी आपली धारणा फार घट्ट आहे. पनीर हा कित्येक घरांत समारंभाचा पदार्थ होऊन बसला. बाहेर बसून शंभर-दीडशे रुपये चवळीच्या पालेभाजीला द्यायचे ही कल्पनाच गिऱ्हाइकाला पटत नाही, आणि तोच माणूस पनीरच्या सहा चौकोनांना त्याच्या दुप्पट पैसे सहज देतो. पालेभाजी निवडायला किती वेळ जातो, हे ज्याने कधी केलं नाही त्याला कळणार कसं?

वेगळी वाट काढणारेही आहेत. मीनाक्षी झवेरी यांनी १९६३ मध्ये ताडदेवला ‘स्वाती स्नॅक्स’ सुरू केलं. तिथली पानकी हा माझ्या मते शहरातल्या शाकाहारी खाण्यातला एक उंच टप्पा आहे. केळीच्या दोन पानांमध्ये तांदळाच्या पिठाचा पातळ थर, तव्यावर भाजलेला, सोबत हिरवी चटणी. पान सोलताना निघणारा वास हाच तिचा मसाला. गुजराती घरात रोज होणारा पदार्थ हॉटेलात तितक्याच बारकाईने करता येतो आणि लोक त्यासाठी थांबतात, हे या घराने दाखवून दिलं.

नव्यांपैकी ‘बर्मा बर्मा’चं काम मला महत्त्वाचं वाटतं. २०१४ मध्ये फोर्टात त्यांनी पूर्ण शाकाहारी बर्मी खाणं मांडलं. बर्मी स्वयंपाकात मासळीचा सॉस आणि सुकी कोळंबी पदोपदी असते. ती काढून टाकल्यावर पोकळी उरायला हवी होती. त्यांनी ती पोकळी त्याच देशाच्या परंपरेतून भरली. आंबवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर घ्या: तुरट पानं, तळलेला लसूण, दाणे, तीळ, कुरकुरीत डाळी, कोबी, लिंबू. जेवणाच्या मध्यभागी आणून ठेवलेली डावी बाजूच ती. मांसाची नक्कल करणाऱ्या सोयाच्या तुकड्यांची तिला गरजच पडत नाही.

महागड्या जेवणांत ‘अवतारा’चा उल्लेख करावा लागतो. दुबईच्या या शाकाहारी भारतीय रेस्तराँला २०२३ मध्ये मिशलिन तारा मिळाला, पुढे मुंबईतही त्यांची शाखा निघाली. शेफ राहुल राणा यांनी पनीर वापरायचंच नाही असं ठरवून मेन्यू रचला. एक आधार काढून घेतल्यावर आचाऱ्याला कारलं, अळकुडी, फणस यांच्याकडे नव्याने बघावं लागतं. हे जेवण बहुतेक कुटुंबांच्या खिशाबाहेरचं आहे. पण पनीर न वापरण्याला पैसे लागत नाहीत, कोपऱ्यावरच्या हॉटेललाही तो निर्णय घेता येईल.

आणि मराठी हॉटेलं? नाश्त्यात ती भक्कम आहेत. कोथिंबीर वडी, थालीपीठ, मिसळ, खरवस, पीयूष यांत दादर-गिरगाव आणि पुण्याला तोड नाही. पुण्याच्या ‘श्रेयस’, ‘दुर्वांकुर’सारख्या डायनिंग हॉलनी चटणी-कोशिंबिरीसह वाढायची शिस्त टिकवली, याबद्दल त्यांचे आभार मानावेत. पण भाज्यांकडे आलं की सगळीकडे तेच: पिठलं, भरलं वांगं, बटाट्याची भाजी, मटकी. खानदेशी भरीत मोसमात दिसतं, तेवढंच. ताकातला चाकवत, अंबाडीची भाजी, मराठवाड्याची येसर आमटी, ओल्या काजूची उसळ कार्डावर शोधावी लागते. गोव्याचं खतखतं, तिरफळाच्या वासाचं आणि दहा भाज्यांचं, मुंबईत जवळपास कुठेच मिळत नाही. गोव्याचं जेवण म्हणजे मासळी, असं ठरून गेलं आहे.

पावसाळ्यात हा उणेपणा जास्त जाणवतो. पाऊस लागायच्या सुमारास शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. पालघर, वसई, कर्जतकडून येणाऱ्या बायका दादरच्या बाजारात आणि स्टेशनांबाहेर त्यांचे वाटे मांडून बसतात. शेवळं खाजरी असतात, त्यांच्यासोबत काकडं घालावी लागतात. भारंगीचा कडवटपणा उकळून पाणी टाकल्यावर माफक उरतो आणि मग तीच तिची चव. कारलं कडू म्हणून ग्रेव्हीत बुडवणाऱ्यांना हे ज्ञान नाही, ते या बायकांना आहे. कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे गर्दी होते, वर्तमानपत्रांत फोटो येतात. त्याच आठवड्यात दोन चौक पलीकडच्या हॉटेलात गोठवलेल्या मटारांचं मटर-पनीर चालू असतं.

मुंबईत भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात राज्यभरातले बचत गट चुली मांडतात. मांडे, ज्वारीची भाकरी, खर्डा, शेंगांची चटणी, कुरडया. मांडे खापरावर टाकणारे हात आणि पाट्यावर ठेचा वाटणारे हात इथे एकत्र असतात, आणि लोक पैसे मोजून, उभं राहून खातात. म्हणजे कारागीर आहेत, आणि गिऱ्हाईकही आहे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं, तेव्हा बँकेचं कर्ज आणि हक्काची जागा मिळाली तर या बायका शहर जेवू घालू शकतात, हे सिद्ध झालं होतं. आज एखाद्या हॉटेलमालकाने कोशिंबिरी, चटण्या आणि मोसमातली एक रानभाजी एवढ्यासाठी अशा दोन बायका चांगल्या पगारावर नेमल्या, आणि त्या दिवसाची भाजी फळ्यावर खडूने लिहिली, तर त्याला तिसरं पातेलं चढवावं लागणार नाही.