पन्नास हे उत्तर बरोबर. मग चुकले कुठे?

मे महिना आला की रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई असते आणि शाळांना कुलूप असते. गणिताची आवड असलेल्या इथल्या मुलाला ऑलिंपियाडची तयारी करायची, तर घाट चढून पुण्याला जावे लागे. तिथे श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानसारखी संस्था आहे. पण प्रवास, राहणे, जेवण हे सर्व कुणाला परवडणार? आता उन्हाळी वर्ग मोबाइलवरच भरतात. अशाच एका ऑनलाइन वर्गाचे पाठ आम्ही गेल्या मे महिन्यात नववी-दहावीच्या पाच मुलांबरोबर बसून पाहिले. वर्गाचे नाव देत नाही, कारण आम्हाला बोलायचे आहे ते पद्धतीविषयी.

प्रथम जे चांगले आहे ते सांगितले पाहिजे. प्रश्नांची निवड उत्तम होती. पाठ्यपुस्तकातील उदाहरणसंग्रहात मासल्यादाखल एक गणित सोडवून दिलेले असते आणि पुढची पंधरा त्याच साच्यातली असतात. इथे तसे नव्हते. प्रत्येक प्रश्न मुलांना नव्याने विचार करायला लावत होता. शिकवणाऱ्यांची समज पक्की होती. भाषा इंग्रजी असूनही, आकृत्या आणि संख्या समोर असल्यामुळे मराठी माध्यमाची मुले फारशी अडली नाहीत.

अडचण दुसऱ्याच ठिकाणी आली. प्रश्न असा होता : १ ते १०० या संख्यांतून जास्तीत जास्त किती संख्या निवडता येतील, की ज्यांतील कोणतीही संख्या दुसरीला भागत नाही? दहावीतल्या एका मुलीने ५१ ते १०० या संख्या घेतल्या आणि ५० हे उत्तर चौकटीत भरले. पडद्यावर हिरवी खूण उमटली, गुण मिळाले, पुढचा प्रश्न आला. आम्ही तिला थांबवून विचारले, "पन्नासच का? एक्कावन्न का नाहीत?" तिने लगेच सांगितले, "सर, पन्नास किंवा त्याहून लहान कोणतीही संख्या घ्या. ती दुप्पट करत गेलो की कधीतरी ५१ ते १०० मध्ये येतेच. म्हणजे यात आणखी एकही संख्या घालता येत नाही."

तिचे विधान अगदी खरे आहे, पण ही सिद्धता नव्हे. आम्ही तिला म्हटले, "आता फक्त १ ही संख्या निवड. त्यात आणखी काही घालता येईल?" एक तर सगळ्यांनाच भागतो! मग तिच्याच न्यायाने उत्तर १ यायला हवे. ज्या संचात भर घालता येत नाही तो, आणि जो सर्वांत मोठा आहे तो, या दोन गोष्टी एक नव्हेत. मुलगी बराच वेळ गप्प बसली. आमच्या मते त्या महिन्यातला गणिताचा सर्वांत मोलाचा क्षण तोच होता, आणि तो वर्गाच्या योजनेत कुठेच नव्हता.

वर्गाने खरी सिद्धता दाखवली नाही असे नाही. प्रत्येक संख्या 'विषम संख्या गुणिले दोनाचा घात' अशी लिहिता येते : ४८ म्हणजे ३ × १६, १०० म्हणजे २५ × ४. शंभरपर्यंत विषम संख्या ५० आहेत. म्हणून ५१ संख्या घेतल्या तर निदान दोघींचा विषम भाग एकच असणार, आणि त्यांतली लहान मोठीला भागणार. कबुतरखान्याच्या तत्त्वाचा हा सुरेख उपयोग आहे. पण चित्रफितीतली सिद्धता दुसऱ्याची असते. आपल्या स्वतःच्या युक्तिवादात भोक कुठे आहे, हे ती सांगत नाही.

हा दोष बारीक नाही. ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीवर, आयओक्यूएम या परीक्षेत, २०२३ साली ३ तासांत ३० प्रश्न होते आणि प्रत्येकाचे उत्तर ०० ते ९९ यांमधली पूर्ण संख्या. तिथे ५० लिहिले की काम झाले. पुढच्या प्रादेशिक आणि राष्ट्रीय फेऱ्यांत मात्र संपूर्ण उकल लिहावी लागते. जिच्या वहीवर कुणीच नजर टाकली नाही, ती मुलगी तिथे अडखळणार, आणि का अडखळलो हेही तिला कळणार नाही. मोठ्या शहरात विचारायला कुणी तरी भेटते. इथे भेटेलच असे नाही.

अंतरामुळे हे होते, असे म्हणून चालणार नाही. इ. म. गेलफांड यांनी १९६४ मध्ये मॉस्को विद्यापीठात पत्रद्वारा गणित शाळा सुरू केली, ती मुख्यतः दूरच्या गावांतील मुलांसाठी. मुले उकल लिहून टपालाने पाठवत आणि विद्यापीठातले विद्यार्थी ती वाचून शेरे लिहून परत पाठवत. त्या शाळेकडे मोबाइल नव्हता, पण वाचणारा माणूस होता. आमच्या पाहण्यातल्या वर्गात याच्या नेमके उलट होते.

घाई ही दुसरी तक्रार. प्रश्नाखाली काही मिनिटांतच 'उकल पाहा' हे बटण उजळते, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ते न दाबण्याचा संयम कुठून असणार? याच जिल्ह्यातील मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रॅंग्लर झाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु ती ट्रायपॉस परीक्षाही वेगावर आणि खासगी शिकवणीवर फार अवलंबून असल्याची टीका तिथल्याच गणितज्ञांनी केली, आणि १९०९ नंतर तिची गुणानुक्रमे यादी बंद झाली.

तेव्हा वर्ग घ्यावाच, पण आठवड्याला एकच प्रश्न निवडून त्याची उकल मुलाने मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहावी आणि शाळेतल्या शिक्षकाने ती वाचावी. शिक्षकाला उत्तर आधी ठाऊक असण्याची गरज नाही, "हे कशावरून?" एवढे विचारता आले तरी पुष्कळ झाले.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. शंभरपर्यंतच्या २५ मूळ संख्या घेतल्या, तर त्यांतही आणखी काही घालता येत नाही, असे तिने स्वतः शोधले होते. एक्कावन्न का नाहीत, हे मात्र तिला अजून सुटलेले नव्हते, आणि बटण तिने दाबले नव्हते.